मृत्युपत्र, प्रोबेट आणि हरवलेली भावंडं: मुंबईतल्या जुन्या कागदांवरून घराणं कसं शोधावं?

गुलबक्षी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारते आहे.

माझे खापरपणजोबा १९१० नंतर कधीतरी मुंबईत वारले. गिरगावात त्यांचं स्वतःचं घर होतं. आजोबांच्या लहानपणीच ते विकलं गेलं. घरात त्यांच्याबद्दल एवढंच सांगतात की ते रत्नागिरीकडून एकटे मुंबईला आले, मागेपुढे कोणी नव्हतं. हे "कोणी नव्हतं" मला पटत नाही. पणजोबा एका "माहीमच्या आत्या"चं नाव घ्यायचे असं बाबांना आठवतं. आत्या होती म्हणजे खापरपणजोबांना सख्खी नाहीतर चुलत, पण बहीण होतीच ना?

आता जुन्या ट्रंकेत त्या घराच्या खरेदीखताची नक्कल सापडली आहे. लिहून देणारे म्हणून दोघांची नावं आहेत, "मयताच्या शेवटच्या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर, मुंबई हायकोर्टाच्या प्रोबेटअन्वये" अशी. (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावायला नेमलेला माणूस, आणि प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.) एक आमचे पणजोबा. दुसऱ्याचं आडनाव अगदी वेगळं, आणि तो माणूस कोण ते घरात कोणालाही माहीत नाही.

एवढ्या जुन्या प्रोबेटचे कागद मिळतात का? मिळाले तर त्यात नातेवाइकांचा पत्ता लागतो का? की नुसतं "घर मुलाला, दागिने सुनेला" एवढंच असतं? कोणी हा उद्योग केला असेल तर सविस्तर लिहा.

हेमाडपंती

वाचनखूण साठवली. आमचेही "एकटेच आले" होते. मुंबईतले सगळे खापरपणजोबा एकटेच आलेले दिसतात, मग त्या बोटी भरून कोण येत होतं? :)

जुना_वकील

गुलबक्षीताई, तुमच्या हाती लागलेला कागद फार मोलाचा आहे. खरेदीखतात प्रोबेटची तारीख किंवा वर्ष लिहिलेलं असणार, ते आधी शोधा. तेवढ्यावर प्रकरणाचा नंबर काढता येतो आणि नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

तुमच्या खापरपणजोबांच्या बाबतीत प्रोबेट का घ्यावं लागलं ते सांगतो, कारण ते कळलं की कोणाचे कागद कुठे असतील याचा अंदाज बांधता येतो. १८७० साली हिंदू विल्स ॲक्ट आला. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून मुंबई शहरात केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना, आणि शहराबाहेर केलेल्या पण शहरातल्या स्थावराबद्दलच्या मृत्युपत्रांना तो लागू झाला. प्रोबेटशिवाय एक्झिक्युटरला कोर्टात आपला हक्क शाबीत करता येत नसे, आणि खरेदीदाराचा वकील प्रोबेट पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेत नसे. पुढे १८८१ चा प्रोबेटचा कायदा आला आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हे सगळं एकत्र झालं. म्हणून गिरगाव, भुलेश्वर, माझगाव अशा ठिकाणी घर असलेल्याने मृत्युपत्र केलं असेल तर त्याचं प्रकरण हायकोर्टात सापडण्याची शक्यता चांगली. तीच व्यक्ती पेणला किंवा साताऱ्याला राहत असती आणि तिचं सगळं तिकडेच असतं, तर प्रोबेटची सक्ती नव्हती आणि बहुतेकांनी ते घेतलंही नाही.

मुंबईत हे काम हायकोर्टातल्या प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर या अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांच्या विभागात चालतं. प्रोबेट मिळालं की मूळ मृत्युपत्र कोर्टाकडेच राहतं, घरी येते ती शिक्क्याची प्रत. त्यामुळे घरात काही सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका.

आता मुख्य मुद्दा. लोक मृत्युपत्र काढतात, वाचतात आणि थांबतात. मृत्युपत्र हा त्या फायलीतला एक कागद. सोबत अर्ज असतो, त्यात मृत्यूची तारीख, अर्जदार कोण, मालमत्ता किती. साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र असतं. ज्यांचा हितसंबंध असू शकतो त्यांच्यासाठी काढलेली सायटेशनची नोटीस असते. एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब कोर्टाला द्यायचा असतो. त्या हिशोबात "अमक्या बहिणीस पोचते केले" असं असतं, आणि ज्या बहिणीचं नाव मृत्युपत्रात फक्त "माझी धाकटी बहीण" असतं ती इथे सासरच्या नावासकट पावतीवर अंगठा देते. संपूर्ण फाईल पाहायला मागा.

सह्याद्रीचा_वारा

वकीलसाहेबांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मृत्युपत्र, प्रोबेट हे गिरगावात घर असणाऱ्यांचं. शंभरातल्या किती मराठी घरांत शंभर वर्षांपूर्वी कोणी मृत्युपत्र केलं होतं? गिरणीत राबणाऱ्याकडे खोली भाड्याची आणि जमीन गावी, तीही भावकीत. आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने मिळाली. त्याआधी माणूस गेला की हिस्सा उरलेल्या भावांत मुरायचा. मृत्युपत्र करणार कशाचं?

आपल्याकडे घराणं शोधायचं ते तलाठ्याच्या दप्तरात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यानंतरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) म्हणजे खजिना आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ६ क म्हणजे वारसांची नोंदवही. "खातेदार मयत, वारस मुलगे अमुक तमुक, मुली अमुक, विधवा अमुक" असं एका ओळीत सगळं कुटुंब. बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन महाभूमीच्या (सरकारी भूमी अभिलेखांच्या) संकेतस्थळावर आले आहेत.

दोन खाचाखोचा सांगून ठेवतो. सातबाऱ्यावर नावापुढे "ए.कु.मॅ." दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्यामागे नाव न लागलेले भाऊ असू शकतात, एकटं नाव पाहून एकुलता एक समजू नका. आणि "अ.पा.क." असेल तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता, पुढचं नाव पालनकर्त्याचं. ते बहुतेक आईचं किंवा चुलत्याचं असतं, म्हणजे आणखी एक नातं फुकट मिळालं.

जुना_वकील

वाऱ्यांशी निम्मा सहमत. पण एकत्र मालमत्ता देता येत नसे या नियमाची दुसरी बाजू बघा. भावांनी उद्या हक्क सांगू नये म्हणून मृत्युपत्र करणारा पहिल्या परिच्छेदातच लिहायचा की ही मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे, वडिलार्जित पैशाचा यात संबंध नाही, माझे थोरले बंधू अमुक व धाकटे तमुक यांची व माझी वाटणी होऊन ते अमुक गावी वेगळे राहतात, त्यांचा यात काही एक हक्क नाही. म्हणजे ज्यांना काही द्यायचं नाही त्यांचीच नावं आणि गाव आधी. वंशावळ शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

मृत्युपत्र नसेल तरी हाय खाऊ नका. मृत्युपत्राविना गेलेल्याच्या मालमत्तेसाठी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनचा अर्ज करतात. त्यात मयताचे कुटुंबीय व इतर नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात हे लिहावंच लागतं, १८८१ पासून तसा नियमच आहे. कर्जरोखे, शेअर, येणी वसूल करायला १८८९ च्या कायद्याखाली जो उत्तराधिकार दाखला घेत, त्याच्या अर्जातही हीच माहिती. आणि मुंबईबाहेरच्यांसाठी १८२७ चं आठवं रेग्युलेशन, ज्याखाली दिवाणी कोर्टातून वारस दाखला मिळतो. आमच्या अनुभवात नातेवाइकांच्या दृष्टीने मृत्युपत्र नसलेलं प्रकरण कित्येकदा जास्त बोलकं निघतं.

अपर्णा२०

वा, कलम ३० ते अ.पा.क., एका पानात केवढं मिळालं!

माझी भर रजिस्ट्रेशनबद्दल. मृत्युपत्र नोंदवणं ऐच्छिक आहे, पण नोंदवलं असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या वही क्रमांक ३ मध्ये उतरवलेलं असतं. खरेदीखतं वही १ मध्ये जातात, त्यामुळे नेहमीच्या इंडेक्स टूमध्ये शोधून मृत्युपत्र मिळत नाही. वही ३ ची सूची वेगळी, इंडेक्स तीन, आणि त्यात एक्झिक्युटरची नावंही असतात. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. वारस असल्याचं सिद्ध करत बसावं लागत नाही, कायद्यातच तसं आहे. काही जण सीलबंद पाकिटात मृत्युपत्र ठेवून जात, त्यांची नोंद वही ५ मध्ये.

वही ३ मध्ये आणखी एक गोष्ट असते: दत्तक घेण्याचे अधिकारपत्र. आमच्या घराण्यातला मोठा गुंता त्याने सुटला.

शांता_मावशी

अपर्णाने दत्तकाचा विषय काढला म्हणून लिहिते. माझं वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझे वडील दत्तक गेलेले. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. बापाचं नाव बदललं आणि आडनावही. माझा पुतण्या वंशावळ करायला बसला तेव्हा त्याने एकाच माणसाला दोन माणसं धरलं होतं. आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची परवानगी नसली तरी दत्तक घेता यायचं, त्याने मनाई केलेली नसली म्हणजे झालं. म्हणून पुष्कळ पुरुष मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवत, माझ्यामागे अमक्या भावाचा मुलगा घ्यावा, किंवा कोणालाच घेऊ नये. वडिलांना ज्यांनी घेतलं त्यांच्या यजमानांच्या मृत्युपत्रात चक्क तीन पुतण्यांची नावं पसंतीच्या क्रमाने होती. पहिले दोन घरचे एकुलते म्हणून मिळाले नाहीत, तिसरे माझे वडील.

पण मला सांगायचं ते वेगळं. पुतण्याला खरा माग लागला तो वडिलांच्या एका निपुत्रिक मावशीच्या मृत्युपत्रात. ज्याला मुलं असतात तो लिहितो "माझ्या मुलांना सारखं". नाव एकाचंही नाही! जिला मूलबाळ नाही ती प्रत्येकाचं नाव घेते. भाचा, भाची, जावेची मुलगी, दिराची सून, कोणाला वाटी, कोणाला पैठणी. माहेरची सासरची दोन्हीकडची माणसं, आणि भाच्या लग्न होऊन कुठे गेल्या तेही. त्या मावशीने एका भाचीला नथ दिली आहे आणि खाली लिहिलंय की ही नथ तिने नणंदेला लग्नाकार्यालासुद्धा वापरायला देऊ नये. आम्ही सगळ्या बायका ते वाचून हसलो आणि मग ती नणंद कोण हे शोधायला लागलो.

तेव्हा गुलबक्षी, तुझ्या खापरपणजोबांचं बघच, पण ती माहीमची आत्या विधवा किंवा निपुत्रिक असेल तर तिचं मृत्युपत्र आधी शोध.

हेमाडपंती

मावशी, नथीचं कलम वाचून आमच्या घरात आत्ताच दोन जणी गप्प झाल्या आहेत. नणंद सापडली की नाही ते सांगा.

शांता_मावशी

सापडली. तिच्या नातवाचा आणि माझ्या पुतण्याचा आता चांगला घरोबा आहे. नथ कुठे आहे ते मात्र दोघेही सांगत नाहीत.

मोडीवेडा

उत्तम धागा. लिपीबद्दल लिहितो.

त्या काळातली मराठी मृत्युपत्रं बरीचशी मोडीत असतात. हायकोर्टात दाखल करताना इंग्रजी भाषांतर जोडलेलं असतं, त्यामुळे मोडी येत नाही म्हणून अडून राहू नका. पण जमलं तर दोन्ही प्रती घ्या. भाषांतरात नाती सपाट होतात. चुलत भाऊ, मावस भाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ सगळे एकाच शब्दात बसवलेले असतात, आणि बापाकडचं की आईकडचं हे फक्त मोडी प्रतीत कळतं. गावांच्या नावांचंही तेच. ळ, ण, ठ, ढ इंग्रजीत गेले की काय परत येईल सांगता येत नाही.

अनुक्रमणिकेत शोधताना आडनावावर विसंबू नका. एकाच आडनावाची चार-चार स्पेलिंगं दिसतात. कित्येकदा हिंदू माणसाची नोंद त्याच्या पहिल्या नावाखाली असते, आडनाव लिहिलेलंच नसतं. जुन्या कागदात "बिन" आलं की पुढचं नाव बापाचं, "कोम" आलं की नवऱ्याचं. विधवेच्या अर्जात "कोम" नंतरचं नाव हाच तुमचा दुवा.

मृत्युपत्रावरून झालेले खटले हाही मोठा साठा आहे. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून आहे. वारसाच्या खटल्यात निकालाच्या सुरुवातीलाच न्यायमूर्ती वंशवृक्ष छापतात. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले, मृत्युपत्रात लोकमान्य टिळकांना एक्झिक्युटर नेमलेलं. १९०१ साली औरंगाबादेत निधोण्याच्या शाखेतला मुलगा त्यांच्या विधवा ताईमहाराज यांना दत्तक दिला गेला, त्यावरून खटले सुरू झाले ते १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने संपले. आपण ते टिळकांचं चरित्र म्हणून वाचतो. एकदा वंशावळ शोधणाऱ्याच्या नजरेने वाचा. कोणती शाखा कुठे, कोण कोणाचा चुलत, नेमका कोणता विधी कोणासमोर झाला, सगळं शपथेवर नोंदलेलं आहे.

महात्मा फुल्यांनीही १८८७ साली उईलपत्र केलं होतं. दत्तक पुत्र यशवंताचा हक्क पक्का करणं हे त्यामागचं मोठं कारण. मृत्युपत्र फक्त श्रीमंतांचं असा समज वाऱ्यांनी मांडला, त्यात मी एवढीच भर घालीन: ज्याला भावकीवर भरवसा नव्हता तोही मृत्युपत्र करायचा.

सह्याद्रीचा_वारा

हे शेवटचं वाक्य मान्य. आमच्या गावच्या तीन विधवांची मृत्युपत्रं आठवली, तिन्ही ठिकाणी दिरांशी वाद.

मोडीवेडा, इनामदार-वतनदार घराण्यांसाठी काय? आमच्याकडे कुलकर्णी वतन होतं.

मोडीवेडा

मग पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क पिढ्यांनिशी सांगावा लागला. त्यात कैफियतीबरोबर वंशावळी आहेत. पण खबरदारी घ्या: त्या वंशावळी हक्क टिकवण्यासाठी दिलेल्या आहेत. ज्या शाखेला हिस्सा द्यायचा नव्हता ती गाळलेली असू शकते. प्रोबेटच्या अर्जालाही हेच लागू.

टेम्स_काठी

इथे इंग्लंडमध्ये ही शोधाशोध फार सोपी करून ठेवली आहे, म्हणून तुलनेसाठी. १२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेटचं काम चर्चच्या कोर्टांकडून सरकारी कोर्टाकडे आलं आणि तेव्हापासूनची वर्षवार, आडनावाच्या क्रमाने छापलेली यादी आहे. नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, एक्झिक्युटर कोण, मालमत्ता किती, सगळं चार ओळींत. त्याआधीची कँटरबरीच्या कोर्टाची मृत्युपत्रं १३८४ पासून नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मुंबईत मेलेले पण इकडे पैसे असलेले लोकही त्या यादीत सापडतात.

आपल्या कामाची गोष्ट ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. मुंबई, मद्रास, बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्ता-याद्यांच्या प्रती तिथे आहेत, मुख्यतः युरोपियन लोकांच्या. मराठी घराला त्याचा काय उपयोग असं वाटेल. पण साहेबाच्या मृत्युपत्रात त्याचा मुन्शी, खानसामा, आया, घोडेवाला यांना दिलेल्या रकमा असतात, आणि येणी-देणीच्या यादीत मुंबईतले सावकार आणि दुकानदार नावानिशी येतात. ज्या माणसाने स्वतः कधी मृत्युपत्र केलं नाही तो दुसऱ्याच्या मृत्युपत्रात सापडतो.

पणजीकर

गोव्याचं वेगळंच. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा चालत आला. मुलं, आईवडील असतील तर अर्ध्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्राने देताच येत नाही. त्यामुळे गोव्यात पूर्वज शोधायचा तर मृत्युपत्राऐवजी इन्व्हेंटरीची प्रकरणं बघायची. माणूस गेला की कोर्टात त्याच्या मालमत्तेची यादी, वारसांची यादी, जावई-सुनांसकट, आणि मग वाटप. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा असतो म्हणून ती गळत नाही. आजीच्या माहेरची तीन घरं मला एका इन्व्हेंटरीत मिळाली. भाषा पोर्तुगीज, पण नावं आणि नाती कळायला अडचण येत नाही.

अपर्णा२०

मुली गळत नाहीत हे केवढं मोठं आहे! आमच्या छापील कुलवृत्तांतात मुलींपुढे नुसते आकडे आहेत, "कन्या ३". नावंसुद्धा नाहीत. त्यातल्या दोघींची नावं मला त्यांच्या काकाच्या प्रोबेटच्या हिशोबात मिळाली. माझ्यासाठी या कागदांची सगळी किंमत तिथे आहे.

रानवाटा

एक वेगळा प्रश्न. मी पणजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल काढली. त्यात एका बाईला तहहयात राहायला खोली आणि महिना खर्च दिलाय, तिच्या मुलीच्या लग्नासाठी रक्कमही ठेवलीय. आमच्या पणजीचं नाव वेगळं आहे. वडिलांना दाखवलं तर ते फार दुखावले, म्हणाले ठेवून दे. त्या मुलीचे वंशज बहुधा मुंबईतच असतील. शोधावं का?

शांता_मावशी

बाळा, वडील दुखावले ते समजू शकते. पण पणजोबांनी ते लपवलं नाही, कोर्टात जाणाऱ्या कागदावर साक्षीदारांसमोर लिहिलं. त्यांनी त्या मुलीला आपली मानलं होतं असंच मी म्हणेन. वंशावळीत तिचं नाव घाल. वडिलांना वेळ दे, छापायची घाई करू नकोस.

सह्याद्रीचा_वारा

मावशींशी सहमत. फक्त संपर्क करताना जपून. वंशावळ विचारायला गेलं की समोरच्याला वाटतं हा हिस्सा मागायला आला. अंगणातूनच मला लोकांनी परत पाठवलंय, सख्ख्या चुलत भावांनी! आता मी जाताना आधी त्यांच्याच आजोबांच्या नोंदीची प्रत घेऊन जातो. तुमच्यासाठी आणली म्हटलं की ओसरीवर बसायला सांगतात.

जुना_वकील

रानवाटा, खर्चाची तरतूद असेल तर एक्झिक्युटरच्या हिशोबात त्या बाईंना दिलेल्या रकमांच्या नोंदी असतील, आणि लग्नाची रक्कम दिली तेव्हा मुलीच्या नवऱ्याचं नाव आलेलं असू शकतं. शोधायचं ठरवलंत तर तिथून सुरुवात करा.

हेमाडपंती

धागाकर्त्या कुठे गेल्या? ती माहीमची आत्या अजून माहीमलाच आहे.

गुलबक्षी

आले, आले. सगळे प्रतिसाद छापून घेऊन कोर्टात गेले होते, आणि सांगण्यासारखं आहे!

खरेदीखतात प्रोबेटची तारीख होती. त्यावरून नंबर मिळाला, अर्ज केला, वाट पाहिली आणि फाईल पाहायला मिळाली. मृत्युपत्र दोन पानांचं. वकीलकाका, तुम्ही म्हणालात तसंच, पहिल्याच परिच्छेदात "थोरल्या बंधूंशी वाटणी होऊन" हे वाक्य! भावाचं नाव आणि गावाचं नावही. एकटे आले म्हणे.

दुसरा एक्झिक्युटर म्हणजे बहिणीचा मुलगा, पत्ता माहीमचा. म्हणजे आत्याचाच मुलगा. भाषांतरात त्याला नुसतं पुतण्या की भाचा कळणार नाही असं लिहिलंय, मोडी प्रतीत स्पष्ट "भाचे" आहे (मोडीवेडा, आभार, प्रतीचा फोटो व्यक्तिगत निरोपात, म्हणजे व्यनिमध्ये, पाठवला होता तो याचसाठी).

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. थोरल्या बंधूंनी प्रोबेटला हरकत घेतली होती! कॅव्हेट आणि सोबत प्रतिज्ञापत्र. घर वडिलार्जित पैशातून घेतलं असा त्यांचा दावा, म्हणून त्यांनी वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, तिघा भावांची नावं (धाकटा तरुणपणी वारला), सगळं लिहिलंय. पुढे तडजोड होऊन हरकत मागे घेतली. खापरपणजोबांच्या वरच्या दोन पिढ्या मला त्यांच्याशी भांडलेल्या भावाने दिल्या. "मागेपुढे कोणी नव्हतं" हे का सांगत आले असतील तेही आता कळतंय. ते वाचताना मला फार वाईट वाटलं.

अडचण एकच. गावाचं नाव. भाषांतरात एक दिसतं, मोडीत दुसरं, आणि तालुका लिहिलेला नाही. त्या नावाची गावं रत्नागिरी जिल्ह्यात दोन आहेत आणि एक आताच्या सिंधुदुर्गात.

जुना_वकील

अभिनंदन! हरकत घेतलेली प्रकरणं दाव्यात बदलतात, त्यामुळे त्याचा वेगळा टेस्टामेंटरी सूट (म्हणजे दाव्याचा) नंबर असेल. तुम्ही पाहिलीत ती अर्जाची फाईल की दाव्याची, ते तपासा. तडजोडीच्या अटी दाव्याच्या फाईलमध्ये असतील, आणि भावाला काही रक्कम मिळाली असेल तर पावतीवर त्यांचा पूर्ण पत्ता, तालुक्यासकट. दोन्ही फायलींच्या सहीशिक्क्याच्या नकला घ्या.

सह्याद्रीचा_वारा

आणि माझ्याकडे द्या ते काम! तिन्ही गावं मला व्यनि करा. थोरले बंधू गावीच राहिले, म्हणजे ते गेल्यावर त्यांचा वारस फेरफार झालाच असणार, १९१५ नंतरचा कधीतरी. तिन्ही ठिकाणी नमुना ६ मध्ये त्यांचं नाव "बिन" त्यांच्या वडिलांचं नाव असं शोधायचं. वडिलांचं नाव आता प्रतिज्ञापत्रातून मिळालंय, त्यामुळे नावसाधर्म्याने फसायची भीती कमी. सिंधुदुर्गातलं गाव असेल तर १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, म्हणून "रत्नागिरीकडून आले" या सांगण्यावरून ते बाद करू नका.

वर मी प्रोबेट हे ठरावीक लोकांचं म्हणालो होतो. तुमच्या बाबतीत फेरफारात ना आत्या मिळाली असती, ना भांडण. दोन्ही कागद एकत्र लावायला हवेत.

शांता_मावशी

गुलबक्षी, माहीमच्या भाच्याची मुलं-नातवंडं जवळच असतील. गावापेक्षा ती लवकर सापडतील. आत्याचं स्वतःचं मृत्युपत्र आहे का बघितलंस?

गुलबक्षी

मावशी, आत्याच्या नावाने शोधाचा अर्ज आजच टाकला. "कोम" पुढचं नाव मिळालंय आता. वारा, तिन्ही गावं व्यनि केली आहेत, आणि भाच्याच्या पत्त्यावरची इमारत अजून उभी आहे असं कळलंय, रविवारी बाबांना घेऊन जाते.